एका ॲपमधल्या दोन सेवा: ट्रेडिंग आणि गुंतवणूक यांचं परीक्षण

ब्रोकरच्या ॲपमध्ये खरेदीचं बटण एकच असतं. तासाभरात विकायचा शेअर आणि वीस वर्षं ठेवायचा शेअर, दोन्ही त्याच बटणाने येतात, एकाच यादीत बसतात आणि त्यांचा नफा-तोटा एकाच बेरजेत दिसतो. वास्तविक या दोन वेगळ्या सेवा आहेत. एकीचे पैसे दर सौद्याला मोजावे लागतात, दुसरीचे बहुतांशी एकदाच. म्हणून इथे एखाद्या कंपनीला तारे न देता ब्रोकरच्या खात्यातल्या या दोन सेवा वेगळ्या काढून तपासल्या आहेत. मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. गुंतवणुकीची सेवा दिसायला साधी, कामाला चोख आणि स्वस्त आहे. ट्रेडिंगची सेवा कारागिरी म्हणून उत्तम आहे, पण तिचं पूर्ण बिल ग्राहकाला एका जागी कधी दिसत नाही, आणि दिसलं तर बहुतेकजण ती घेणार नाहीत.

शून्य दलालीचं बिल

ऑक्टोबर २०१९मध्ये अमेरिकेत चार्ल्स श्वाब या ब्रोकर कंपनीने शेअरच्या सौद्यांवरची दलाली शून्य केली आणि काही दिवसांतच तिथल्या इतर मोठ्या ब्रोकर्सनी तेच केलं. आज अनेक बाजारांत ‘शून्य दलाली’ ही जाहिरातीची पहिली ओळ असते. दलाली गेली तरी एक्स्चेंजचं शुल्क आणि सरकारी कर उरतातच. त्याशिवाय पावतीवर कधीच न छापले जाणारे दोन खर्च असतात: स्प्रेड आणि स्लिपेज.

घेणाऱ्याचा सर्वांत वरचा भाव आणि विकणाऱ्याचा सर्वांत खालचा भाव यांतलं अंतर म्हणजे स्प्रेड. मार्केट ऑर्डरने, म्हणजे समोर मिळेल त्या भावाला, घेऊन लगेच विकलं, तर बाजार तसूभर न हलताही हे अंतर खिशातून जातं. स्लिपेज येतं ऑर्डरच्या आकारामुळे. समजा विक्रेत्यांच्या रांगेत १०० या भावाला २०० शेअर आहेत, १००.१०ला ३०० आणि १००.२५ला ५००. पडद्यावर १०० दिसतंय म्हणून १,००० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली, तर ती तिन्ही पायऱ्या चढून पूर्ण होते आणि सरासरी भाव पडतो १००.१५५. विकताना हेच उलट्या बाजूने घडतं.

हिशोबासाठी घेऊन-विकण्याच्या एका फेरीचा सगळा खर्च ०.२ टक्के धरू. भरपूर उलाढालीच्या मोठ्या शेअरला तो कमी लागेल, पातळ उलाढालीच्या छोट्या शेअरला कितीतरी जास्त. आता १ टक्का नफ्याला विकायचं आणि १ टक्का तोट्याला बाहेर पडायचं असा नियम ठेवला, तर जिंकलेल्या सौद्यात हातात ०.८ येतात आणि हरलेल्या सौद्यात १.२ जातात. नुसती बरोबरी गाठायलाच १००पैकी ६० सौदे बरोबर यावे लागतात. लक्ष्य (नफ्याला विकायचा टप्पा) आणि स्टॉप (तोट्याला बाहेर पडायचा टप्पा) दोन्ही अर्ध्या टक्क्यावर आणले, तर ७० लागतात. ३ टक्क्यांवर नेले, तर ५३-५४ पुरतात. सौदा जितका छोटा आणि झटपट, तितकं ओझं वाढतं. म्हणूनच मिनिटामिनिटाला घे-विक करणाऱ्याला दिशेचा अंदाज चांगला असूनही पैसे सुटत नाहीत. हे गणित ॲपने ऑर्डरच्या खिडकीतच दाखवायला हवं.

वर्षभरात पूर्ण भांडवलाने अशा २०० फेऱ्या झाल्या आणि बाजाराने ना काही दिलं ना नेलं, तरी शंभराचे ६७ उरतात. तोच ०.२ टक्के खर्च दहा वर्षांत एकदाच झाला, तर वर्षाला ०.०२ टक्के पडतो. शिवाय अनेक देशांत अल्पकालीन नफ्यावरचा कर दीर्घकालीन नफ्यापेक्षा जास्त असतो, आणि तो दर वर्षी भरावा लागत असल्यामुळे पुढच्या वाढीचं भांडवलही कमी होत जातं.

गुंतवणुकीच्या बाजूला खर्च दडून बसतो तो फंडाच्या वार्षिक शुल्कात. १ लाख रक्कम, वर्षाला १० टक्के वाढ, २५ वर्षं. शुल्क ०.१ टक्के असेल तर सुमारे १०.६ लाख होतात, १.५ टक्के असेल तर ७.७ लाख. जवळजवळ ३ लाखांचा फरक आहे, आणि तो कुठल्याही एका महिन्याच्या विवरणात दिसत नाही. सर्वसामान्य गुंतवणूकदारासाठीचा पहिला इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड, जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्डने १९७६मध्ये आणला. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले १.१३ कोटी. सरासरीवर समाधान मानणारा फंड कोण घेईल, अशी तेव्हा टीका झाली. कमी शुल्काचा परिणाम लोकांच्या लक्षात यायला पुढची कित्येक वर्षं गेली.

शून्य दलाली घेणारा ब्रोकर कमावतो कशावर, हेही खातं उघडण्याआधी वाचावं. मार्जिनवरचं, म्हणजे शेअर घ्यायला दिलेल्या उधारीवरचं व्याज, खात्यात पडून राहिलेल्या रकमेवरचं व्याज, परकीय चलन बदलताना लावलेला फरक, ग्राहकांचे शेअर उसने देणं, आणि परवानगी असेल तिथे ऑर्डर विशिष्ट व्यापाऱ्याकडे पाठवण्याचा मोबदला. यांतलं बरंचसं उत्पन्न ग्राहक जितके जास्त सौदे करील आणि जितकी जास्त उधारी घेईल तितकं वाढतं. पडद्याची रचना कोणत्या बाजूला झुकते, याचं कारण इथे आहे. रॉबिनहूड या अमेरिकन ॲपमध्ये काही टप्प्यांवर पडद्यावर रंगीत कागदी तुकड्यांची बरसात होत असे. टीका झाल्यावर मार्च २०२१मध्ये ती काढली. आजही कुठल्याही ॲपच्या पहिल्या पानावर दिवसातले सर्वाधिक वाढलेले शेअर असतात. फंडाचं शुल्क पाहायला चार पानं आत जावं लागतं.

ऑर्डर: सेवेचा कणा

ट्रेडिंगच्या बाजूला खरोखर दाद द्यावी असं काही असेल, तर ते ऑर्डरचे प्रकार. ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच पूर्ण होणारी लिमिट, ठरावीक भाव आला की सुटणारा स्टॉप, दोन्ही जोडणारी स्टॉप-लिमिट, भावामागे सरकणारा ट्रेलिंग स्टॉप, एक पूर्ण झाली की दुसरी आपोआप रद्द करणारी जोडी. ही सगळी साधनं आता फोनवर आहेत. अडचण अशी की प्रत्येक साधन ठरावीक परिस्थितीत निकामी होतं आणि ॲप ते ठळकपणे सांगत नाही.

स्टॉपलॉस म्हणजे त्या भावाला विक्री होण्याची हमी, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात स्टॉप हा फक्त ट्रिगर असतो. भाव तिथे पोचला की मार्केट ऑर्डर सुटते, आणि ती समोर जो खरेदीदार असेल त्याच्या भावाला पूर्ण होते. ६ मे २०१० रोजी अमेरिकन बाजार काही मिनिटांत कोसळून सावरला. त्या अवधीत खरेदीदारांच्या रांगा रिकाम्या झाल्या आणि काही नामांकित कंपन्यांच्या शेअरचे सौदे एका सेंटला झाले. एक्स्चेंजने नंतर मूळ भावापासून ६० टक्क्यांहून जास्त भरकटलेले सौदे रद्द केले. त्याहून कमी भरकटलेले सौदे कायम राहिले, आणि स्टॉपमुळे विकून बसलेल्यांना ते स्वीकारावे लागले. १५ जानेवारी २०१५ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसमोरची १.२० फ्रँकची मर्यादा अचानक काढली, तेव्हा चलनबाजारात स्टॉपच्या भावाला समोर कोणी नव्हतंच. अनेक ग्राहकांची खाती शून्याच्या खाली गेली आणि ब्रिटनमधली अल्पारी ही ब्रोकर कंपनी त्यात बुडाली.

स्टॉप-लिमिट लावली की वाईट भावाला विक्री होत नाही, पण मग विक्रीच न होण्याचा धोका येतो. भाव दोन्ही आकडे ओलांडून खाली उघडला, तर ऑर्डर तशीच पडून राहते आणि माल हातात. यावर उपाय एकच, तो म्हणजे सौद्याचा आकार आधी ठरवणं. भांडवल ५ लाख आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे ५,००० गमावण्याची तयारी. प्रवेश ४००ला, स्टॉप ३९०ला, म्हणजे दर शेअरमागे १०. ५,००० भागिले १०, म्हणून ५०० शेअर आणि २ लाखांची पोझिशन, म्हणजे हातातला सौदा. रात्रीत बातमी येऊन भाव ३७०ला उघडला, तर तोटा १५,००० होतो, ठरवल्याच्या तिप्पट. तरी तो भांडवलाच्या ३ टक्क्यांत राहतो. हा हिशोब सौदा टाकण्याच्या पडद्यावरच करून देणारी ॲप आहेत. ट्रेडिंगसाठी ब्रोकर निवडताना मी चार्टवरच्या शंभर इंडिकेटरांपेक्षा या एका सोयीला जास्त गुण देईन.

ब्रोकरची यंत्रणा बंद पडणं हाही ट्रेडिंगच्या बिलाचाच भाग धरायला हवा. मार्च २०२०च्या सुरुवातीला, बाजार मोठ्या उलथापालथीत असताना, रॉबिनहूडचं ॲप जवळजवळ दिवसभर ठप्प होतं. वीस वर्षांच्या गुंतवणूकदाराला अशा दिवसाने फरक पडत नाही. उधारीवर पोझिशन घेऊन बसलेल्याला तेवढा एक दिवस पुरतो. म्हणून ऑर्डर देण्याचा दुसरा मार्ग, म्हणजे फोनवरचा डेस्क किंवा वेब टर्मिनल, आधी तपासावा आणि बाजार शांत असताना एकदा वापरून पाहावा.

२८ जानेवारी २०२१ची गोष्ट वेगळी. त्या दिवशी काही ब्रोकर्सनी गेमस्टॉपसारख्या शेअरची खरेदी थांबवली. रॉबिनहूडच्या बाबतीत कारण असं होतं की सौद्यांची देवाणघेवाण पूर्ण करून देणाऱ्या क्लिअरिंग संस्थेने पहाटे सुमारे ३ अब्ज डॉलरची अनामत मागितली. त्या वेळी तिथे सौदा पूर्ण व्हायला दोन दिवस लागत, आणि तेवढ्या दोन दिवसांच्या जोखमीपोटी ही अनामत असते. ग्राहकाला पडद्यावर फक्त करडं पडलेलं बटण दिसलं. २८ मे २०२४पासून अमेरिकेत सेटलमेंट, म्हणजे सौदा पूर्ण होणं, एका दिवसावर आलं, त्यामुळे हा ताण कमी झाला आहे. तरी मुद्दा राहतोच: झटपट सौदे करणारा ब्रोकरच्या तिजोरीवर आणि पडद्यामागच्या व्यवस्थेवर जितका अवलंबून असतो, तितका दीर्घकाळ थांबणारा नसतो.

उधारी

पाचपट लिव्हरेजवर स्वतःचे १ लाख आणि ब्रोकरचे ४ लाख मिळून ५ लाखांचे शेअर घेतले, तर भाव ४ टक्के पडताच भांडवलाचा पाचवा हिस्सा जातो, आणि २० टक्के पडला तर सगळंच. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असतात ते दोन खर्च. पहिला, फेरीचा ०.२ टक्के खर्च पूर्ण ५ लाखांवर लागतो, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या १ टक्का, दर सौद्याला. दुसरा, पोझिशन पुढे ओढली तर व्याज. वर्षाला १२ टक्के दराने ४ लाखांवर महिन्याला ४,००० होतात. स्वतःच्या १ लाखावर ते महिन्याला ४ टक्के पडले, आणि भाव जागचा हललेलाही नाही.

मार्जिन, म्हणजे उधारीपोटी ठेवावी लागणारी स्वतःची रक्कम, कमी पडलं की ब्रोकर पोझिशन स्क्वेअर ऑफ करतो, म्हणजे बंद करून टाकतो. कोणती आधी, किती आणि कोणत्या भावाला, हे बहुधा तोच ठरवतो, आणि करारात कळवण्याची सक्ती नसल्याचं कलमही असू शकतं. ते कलम शोधून वाचावं. युरोपच्या एस्मा या नियामकाने २०१८मध्ये सीएफडी या, शेअर न घेता भावाच्या फरकावर उधारीने सौदा करण्याच्या, उत्पादनात एकेका शेअरसाठी लिव्हरेज पाचपटीवर आणलं आणि किती टक्के ग्राहक पैसे गमावतात हे प्रत्येक ब्रोकरने आपल्या जाहिरातीत छापावं असा नियम केला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ७४ ते ८९ टक्के होता. कोणत्याही ब्रोकरच्या संकेतस्थळावर असा आकडा असेल, तर तो त्या सेवेचा सर्वांत प्रामाणिक अभिप्राय समजावा.

आकडे सगळीकडून एकच बाजू दाखवतात. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडियन यांनी एका अमेरिकन डिस्काउंट ब्रोकरकडची ६६,४६५ घरांची १९९१ ते १९९६ या काळातली खाती तपासली. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले. सर्वांत जास्त सौदे करणाऱ्या गटाला मिळाले ११.४. त्यांची शेअरची निवड इतरांहून फारशी वाईट नव्हती. फरक खाल्ला तो खर्चाने. ब्राझीलमध्ये २०१३ ते २०१५ दरम्यान शेअर निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या भावावरच्या करारांत) डे ट्रेडिंग, म्हणजे त्याच दिवशी घे-विक, सुरू करून ३००हून जास्त दिवस टिकलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात गेले. सेबी या भारतीय बाजार नियामकाच्या सप्टेंबर २०२४च्या अहवालात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (ठरल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्कांत) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. सरावाने हात बसतो हा समज ब्राझीलच्या आकड्यांपुढे टिकत नाही, कारण ते आकडे टिकून राहिलेल्यांचेच आहेत.

हिशोबाचा पडदा

या परीक्षणातला सर्वांत कडक शेरा इथे आहे, आणि तो दोन्ही सेवांना लागू आहे. ॲपच्या मुख्य पानावरचा ‘एकूण नफा’ बऱ्याचदा फक्त आत्ता हातात असलेल्या शेअरवर काढलेला असतो. विकून बुक केलेला तोटा त्या आकड्यातून नाहीसा होतो.

उदाहरण घ्या. १ लाखातून ५० हजारांचे अ कंपनीचे आणि ५० हजारांचे ब कंपनीचे शेअर घेतले. अ ४० टक्के पडला, तो विकून ३० हजार आले. त्यांचा क घेतला, तो १० टक्के वाढून ३३ हजार झाला. ब ५५ हजारांवर आहे. ॲप सांगतं: खरेदी किंमत ८० हजार, आजची किंमत ८८ हजार, नफा १० टक्के, हिरव्या अक्षरांत. प्रत्यक्षात १ लाखाचे ८८ हजार झाले आहेत, म्हणजे १२ टक्के तोटा. वारंवार सौदे करणाऱ्याच्या खात्यात ही चूक दर महिन्याला वाढत जाते आणि आपलं बरं चाललंय असं त्याला वर्षानुवर्षं वाटत राहतं. लाभांशही अनेक ठिकाणी या बेरजेत नसतो, त्यामुळे दीर्घकालीन गुंतवणूकदाराला उलट आपलं उत्पन्न आहे त्याहून कमी दिसतं.

उपाय सोपा आहे. खात्यात बाहेरून आलेली आणि बाहेर गेलेली प्रत्येक रक्कम तारखेसह एका तक्त्यात लिहावी, शेवटी आजची एकूण किंमत लिहावी आणि स्प्रेडशीटमधलं एक्सआयआरआर हे, तारखांनुसार वार्षिक परतावा काढणारं, सूत्र लावावं. खात्यातून कापलेले खर्च आणि कर, खात्यात आलेला लाभांश, बुक केलेला तोटा, सगळं त्यात आपोआप येतं. मग त्याच तारखांना त्याच रकमा इंडेक्स फंडात टाकल्या असत्या तर काय झालं असतं, ते शेजारच्या रकान्यात काढावं. तुलना लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी करावी. नुसत्या भावाच्या निर्देशांकाशी केली तर आपण आहोत त्याहून हुशार दिसतो. ज्या ॲपमधून पूर्ण व्यवहारांची फाइल उतरवता येत नाही, ते गुंतवणुकीसाठी वापरू नये.

स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे अनेक शेअर, झाल्यावर ॲप कसं वागतं तेही पाहावं. ३१ ऑगस्ट २०२०ला ॲपलच्या एका शेअरचे चार झाले. जुने भाव चारने भागून न घेतलेल्या चार्टवर असा शेअर एका रात्रीत ७५ टक्के पडलेला दिसतो. आधी लावलेले स्टॉप आणि दीर्घ मुदतीच्या ऑर्डर अशा वेळी काही ब्रोकर रद्द करतात, काही सुधारून ठेवतात. मदत-विभागाला हा प्रश्न लेखी विचारावा. उत्तर किती नेमकं येतं, त्यावरून सेवेचा दर्जा कळतो.

गुंतवणुकीच्या सेवेचे दोष

ही बाजू स्वस्त आहे म्हणून निर्धोक नाही. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९पासून जुलै १९३२पर्यंत ८९ टक्के पडला आणि जुन्या पातळीवर नोव्हेंबर १९५४मध्ये परतला. जपानचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ला ३८,९१५वर बंद झाला. तो आकडा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडला. लाभांश धरला आणि खरेदी एकदम न करता वर्षानुवर्षं थोडी थोडी केली, तर हा काळ बराच आखडतो. तरी दीर्घकाळ थांबलं की फायदा होतोच, हे वाक्य जाहिरातीत जितकं बिनशर्त वापरलं जातं तितकं ते खरं नाही. एकाच देशाच्या बाजारावर सगळी भिस्त ठेवू नये, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवू नये.

एकेका शेअरचं चित्र आणखी कठोर आहे. हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांनी १९२६ ते २०१६ या काळातले अमेरिकन शेअर तपासले. निम्म्याहून जास्त शेअरनी आपल्या हयातीत अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांपेक्षाही कमी दिलं, आणि बाजाराची सगळी निव्वळ संपत्ती-निर्मिती सुमारे ४ टक्के कंपन्यांतून आली. त्या ४ टक्के कंपन्या आधी ओळखता येत नाहीत, म्हणून सगळ्याच घेणारा इंडेक्स फंड चालतो. दोन-तीन शेअर घेऊन वीस वर्षं डोळे मिटून बसणं हा दीर्घकालीन गुंतवणुकीचा सर्वांत धोक्याचा प्रकार आहे.

ॲपमधल्या त्रुटीही आहेत. आपोआप होणारी मासिक खरेदी बहुधा ठरलेल्या वेळी मार्केट ऑर्डरने होते. पातळ उलाढालीच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारख्या बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडात, ती बाजार उघडल्या उघडल्या झाली, तर स्प्रेड रुंद असताना आपण सापडतो, म्हणून वेळ बदलता येते का ते पाहावं. शेअरचे तुकडे विकत घेण्याची सोय छोट्या रकमांसाठी चांगली, पण ते तुकडे बहुतेकदा दुसऱ्या ब्रोकरकडे नेता येत नाहीत, विकावेच लागतात. आणि वीस वर्षांसाठी घेतलेल्या फंडाचा आजचा चढ-उतार रोज फोनवर कळवणं हा या सेवेतला निखालस दोष आहे. सेटिंगमध्ये जाऊन ते पहिल्याच दिवशी बंद करावं.

दोन्ही एकत्र आले की

सर्वांत मोठं नुकसान या दोन सेवांच्या सीमेवर होतं. सकाळी इंट्राडे म्हणून, म्हणजे त्याच दिवशी विकायला, घेतलेला शेअर दुपारी तोट्यात असतो. स्टॉप लावलेला नसतो, किंवा काढून टाकलेला असतो. मग तो डिलिव्हरीत, म्हणजे खात्यात ठेवायला, नेला जातो आणि ‘चांगली कंपनी आहे, लाँग टर्म ठेवू’ असं ठरतं. कंपनीचा ताळेबंद तेव्हाही वाचलेला नसतो. भाव आणखी पडला की ॲव्हरेज केलं जातं, म्हणजे सरासरी भाव उतरवायला आणखी शेअर घेतले जातात. त्याच वेळी खरोखर ठेवायला घेतलेला शेअर १५ टक्के वाढला की विकून नफा बुक होतो. नफ्यातले शेअर लवकर विकायचे आणि तोट्यातले धरून ठेवायचे, ही माणसाची प्रवृत्ती हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५मध्येच मांडली होती. इंट्राडेचं डिलिव्हरीत रूपांतर करणारं बटण ॲपने एका स्पर्शावर ठेवलं आहे. बागेतली फुलझाडं खुडून तण वाढवत जावं, तसा काही वर्षांनी तो पोर्टफोलिओ दिसतो.

म्हणून दोन्ही वापरायचं असेल तर दोन वेगळ्या ब्रोकर्सकडे दोन खाती उघडावीत. गुंतवणुकीच्या खात्यात मार्जिन आणि डेरिव्हेटिव्हची (फ्युचर्स-ऑप्शन्सची) परवानगी चालूच करू नये, सूचना बंद ठेवाव्यात, खरेदी आपोआप व्हावी आणि शेअर कोणत्या नावाने, कुठल्या डिपॉझिटरीत (शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत) आहेत ते ब्रोकरच्या ॲपबाहेरून तपासावं. २०११मध्ये एमएफ ग्लोबल ही ब्रोकर कंपनी कोसळली तेव्हा ग्राहकांच्या पैशांत सुमारे १.६ अब्ज डॉलरची तूट निघाली होती, म्हणून ही तपासणी वर्षातून एकदा तरी करावीच. ट्रेडिंगच्या खात्यात एकूण भांडवलाच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम एकदाच टाकावी आणि ती संपली तर वर्षभर पुन्हा भरू नये.

त्या रकमेवर सेवेची आणि स्वतःच्या पद्धतीची एकत्र चाचणी घेता येते. एकच नियम, सर्वांत छोटा आकार, लिव्हरेज शून्य, १०० सौदे. प्रत्येकाचा प्रवेश, स्टॉप, बाहेर पडण्याचा भाव, अपेक्षित भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव लिहावा. समजा ४५ टक्के सौदे जिंकले, सरासरी नफा १.८ टक्के, सरासरी तोटा १ टक्का. ०.८१ वजा ०.५५ म्हणजे दर सौद्याला ०.२६ टक्के, त्यातून ०.२ खर्च गेला की उरले ०.०६. जिंकण्याचं प्रमाण ४० टक्क्यांवर आलं, तर उरतात उणे ०.०८. आणि १०० सौद्यांत ४५चे ४० किंवा ५० होणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो, तेव्हा एवढ्यावर आकार वाढवू नये. आणखी २०० सौदे त्याच आकाराने करावेत आणि एक्सआयआरआर शेजारच्या इंडेक्स फंडाच्या रकान्याशी ताडून पाहावा. अपेक्षित आणि मिळालेल्या भावांतला फरक सातत्याने मोठा येत असेल, तर पद्धतीआधी ब्रोकर बदलून पाहावा.

खातं बंद करण्याची प्रक्रिया दोन्हीकडे उघडण्याआधीच विचारून घ्यावी: शेअर न विकता दुसरीकडे नेता येतात का, त्याला दर कंपनीमागे शुल्क आहे का, आणि खरेदीची मूळ तारीख व भाव सोबत जातात का. ही शेवटची माहिती हरवली तर पंधरा वर्षांनी विकताना करासाठी खरेदी किंमत सिद्ध करायला जुन्या पावत्या शोधाव्या लागतात, म्हणून दर वर्षाचं विवरण ॲपमध्ये न ठेवता स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावं.